कोठून आलो आणि कोणाकडून

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्यापैकी एक घाटकोपरच्या महाविद्यालयात शिकवते, दुसरा अंधेरीच्या. राहतो बोरिवलीला. एकीचे माहेर मुलुंडला आहे. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये फक्त राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. पण डोंगर ओलांडून जाता येत नाही, म्हणून पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत खाली यायचे आणि मध्य रेल्वेने पुन्हा तेवढेच वर जायचे, असा वीस वर्षांहून अधिक काळचा आमचा परिपाठ आहे. आमचा विवाह आंतरजातीय. एकीचे घराणे कोकणस्थ, दुसऱ्याचे केळवे-माहीमकडचे वाडवळ. हे सांगायला नको होते असे आम्हांलाही वाटते. परंतु पुढे जे लिहायचे आहे ते याशिवाय लिहिता येणार नाही.

मुलुंडला आमचे आप्पा असतात. वय वर्षे एक्याऐंशी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच काम केले : घराण्याच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती. जुनी आवृत्ती त्यांच्या काकांच्या पिढीने काढली होती. जाड पुठ्ठ्याचे ते पुस्तक आमच्यातल्या एकीने लहानपणी गोष्टीच्या पुस्तकासारखे पाहिले आहे : घराण्यांच्या शाखा, गावे, पिढ्यांचे क्रमांक, कोण पुण्यास गेला, कोण निपुत्रिक वारला. कुलवृत्तान्त हा मराठीतला एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच आहे, आणि वाङ्मयेतिहासात त्याला कोणी जागा दिली नसली तरी मराठी मध्यमवर्गाने स्वतःविषयी जे काही लिहिले त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

दीड वर्षापूर्वी आप्पांनी आम्हांला सांगितले, "पहिलं प्रकरण तुम्ही दोघांनी लिहा. 'कुलाचे मूळ'. तुम्ही एम.ए. आहात, भाषा नीट असेल." त्याच सुमारास अमेरिकेतल्या त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्यातल्या एकाच्या मेहुण्याने, लाळेची परीक्षा करून घेतली होती. छोट्या नळीत थुंकायचे, पाकीट टपालाने पाठवायचे आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कोठले याचा रंगीत नकाशा मिळवायचा. त्याच्या नकाशात भारतीय उपखंड जवळपास सगळा भरला होता. शिवाय भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर दोन टक्क्यांचा एक ठिपका होता. त्याने तो नकाशा कुटुंबाच्या गटावर टाकला आणि खाली लिहिले, "आप्पा, सिद्ध झालं."

काय सिद्ध झाले, हे कोकणस्थ घरात वेगळे सांगावे लागत नाही. घारे डोळे, गोरा वर्ण आणि समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांची कथा. परशुरामाला श्राद्धासाठी ब्राह्मण मिळेनात, तेव्हा त्याने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत केली, अशी ती कथा. ती सह्याद्रिखंडाशी जोडून सांगितली जाते. जेर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये मुंबईत त्याची छापील प्रत सिद्ध केली. ही कथा मुळात गौरवाची नाही; ती सांगणाऱ्याला या मंडळींविषयी फारसा आदर असावा असे तिच्यातून वाटत नाही. पण १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, सत्ता आली, आणि पुढच्या काळात तीच कथा उलटी वाचली जाऊ लागली. प्रेते वाहत आली, म्हणजे जहाज फुटले असणार. जहाज फुटले, म्हणजे माणसे दूरदेशीची असणार. आणि दूरदेश म्हटल्यावर इराणपासून ग्रीसपर्यंत ज्याला जो रुचेल तो. निंदेची कथा अशी वंशाभिमानाची कथा झाली. आमच्या विद्यार्थ्यांना ग्रहणसिद्धान्त शिकवताना याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. परंतु हे घरातच घडलेले असल्यामुळे वर्गात सांगायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या घरचीही गोष्ट अशीच आहे. केळव्याच्या आजोबांना महिकावतीच्या बखरीतली कुळांची यादी पाठ होती. ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणाचा, म्हणजे आज आपण ज्याला पश्चिम उपनगरे, वसई, पालघर म्हणतो त्या पट्ट्याचा हा मध्ययुगीन वृत्तान्त. प्रतापबिंब नावाचा राजा शके १०६० च्या, म्हणजे इ. स. ११३८ च्या सुमारास चांपानेरच्या बाजूने सैन्यासह आला, त्याच्याबरोबर सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळे आली आणि या ओसाड पडलेल्या किनाऱ्यावर वसली, अशी एक परंपरा. बिंब हा देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा आणि तो तेराव्या शतकाच्या अखेरीस खिलजीच्या स्वारीनंतर आला, अशी दुसरी. बिंब एक की दोन, महिकावती म्हणजे मुंबईचे माहीम की केळवे-माहीम, हे वाद अभ्यासक शंभर वर्षे घालीत आहेत. आजोबांना वाद मान्य नव्हता. "आपण पाटणहून आलो," एवढे ते म्हणत, आणि पुरावा म्हणून वाडवळी बोलीतले गुजराती वळणाचे दोन-चार शब्द सांगत. त्यांना उलटून विचारण्याचे आमचे वय नव्हते. आज विचारू शकलो असतो तर म्हणालो असतो, की आजोबा, शेजारी राहणाऱ्या भाषा एकमेकींकडून शब्द घेतातच. उसनी साखर आणली म्हणून कोणी शेजारच्या घरात जन्मलेले ठरत नाही.

या बखरीतला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा आहे. मालाडचा देसला नायकोराव सगळ्या गावांची माणसे जमवतो आणि केशवाचार्य त्यांना कुळे, गोत्रे, वंश सांगतो. 'महाराष्ट्रधर्म' हा शब्द या बखरीत येतो, म्हणून तिचे नाव इतिहासात वारंवार घेतले जाते. पण मालाडला ही सभा का भरवावी लागली, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सत्ता बदलली होती, जुने राजे गेले होते, कोणाचे वतन कोणते आणि कोणाचा मान कोणता याची आठवण पुसट झाली होती. वंशावळ तेव्हा सांगावी लागते, जेव्हा ती कोणाला नीटशी आठवत नसते आणि तिच्यावर काही तरी अवलंबून असते. मालाडच्या फलाटावर गाडी थांबते तेव्हा आम्हांला कधी कधी ती सभा आठवते. एका परीने सर्व कुलवृत्तान्त तेथूनच निघाले आहेत, आणि मेहुण्याचा नकाशाही.

प्रकरण लिहायचे म्हणून आम्ही वाचायला बसलो. जीवशास्त्र आमचा विषय नव्हे. दहावीनंतर आम्ही ते पुस्तक मिटले होते. त्यामुळे सुरुवात ओळखीच्या माणसापासून केली : इरावती कर्वे. 'युगान्त' आम्ही दोघांनीही शिकवले आहे. पण त्याच इरावतीबाईंनी १९२८ मध्ये मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला होता, हे शिकवताना आम्ही कधी सांगितले नव्हते. त्यानंतर त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. फिशर म्हणजे वंशश्रेष्ठतेच्या शास्त्रातले बडे नाव. पुढे नाझी राजवटीला त्यांच्या शास्त्राचा आधार झाला. त्यांनी या मराठी विद्यार्थिनीला कवट्यांच्या दोन बाजूंमधली विषमता मोजायला दिली. अपेक्षा अशी, की युरोपीय आणि इतर वंशांमध्ये फरक दिसावा. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि वंशाचा त्या विषमतेशी संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. पंचविशीच्या आतल्या परदेशी मुलीने मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध लिहिलेले ते निष्कर्ष वाचताना आम्हांला आमच्या पुढ्यातल्या 'कुलाचे मूळ' या प्रकरणाची लाज वाटू लागली.

मापांची ही गोष्ट बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत जाते. रिझ्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीवरून हिंदुस्थानातल्या जातींची वंशवार उतरंड लावली होती. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात ती मापे प्रांतवार तपासली. आणि बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उगमाविषयी लिहिताना हीच मापे हाती घेऊन दाखवले, की त्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगळ्या वंशांचे ठरवता येत नाही. ज्या पट्टीने माणसाला लहान ठरवले होते तीच पट्टी त्यांनी ठरवणाऱ्यापुढे ठेवली. त्याआधी जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यांना बाहेरचे आक्रमक ठरवले होते, आणि लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये वेदांचे मूळ थेट उत्तर ध्रुवापाशी नेले होते. दोघांचे हेतू सर्वस्वी वेगळे. तरी 'हे लोक बाहेरून आले' या विधानावर मात्र दोघांचे एकमत! एकाने ते आरोप म्हणून वापरले, दुसऱ्याने भूषण म्हणून. महाराष्ट्रात पूर्वजांचा वाद कधी केवळ पूर्वजांचा नसतो, हे यावरून लक्षात यावे.

आता डीएनए. या शास्त्राने गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे सांगितले ते आम्हांला समजले तसे थोडक्यात असे. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रातले लालजी सिंह, कुमारसामी थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश व त्यांचे सहकारी यांनी दाखवले, की भारतातल्या बहुतेक सर्व समाजांत दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहे. प्रमाण मात्र कमीअधिक. २०१३ मध्ये त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी या मिश्रणाचा काळ काढला : आजपासून सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षे या देशातली माणसे एकमेकांत मिसळत होती, आणि मग हळूहळू दारे लागली. २०१९ मध्ये राखीगढीच्या एका स्त्रीच्या अस्थींतून डीएनए मिळाला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या संशोधनाचे प्रमुख. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांचा वाटा भारतीयांत किती, हे मोजले. तो वाटा उत्तरेत अधिक, पुरोहितवर्गांत काहीसा अधिक, पण थोड्याफार प्रमाणात फार दूरपर्यंत पसरलेला आहे.

चित्पावनांविषयी स्वतंत्र अभ्यास नाही असे नाही. २००५ मध्ये पश्चिम भारतातल्या काही जातींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात देशस्थ, चित्पावन, मराठा, धनगर यांचे नमुने होते, आणि चित्पावनांच्या पितृवंशात पश्चिम आशियाकडून आलेला प्रवाह दिसतो, असे अनुमान त्यात होते. मेहुण्याने हाच निबंध आप्पांना पाठवला. आम्ही तो वाचला. प्रामाणिक निबंध आहे. पण तो त्या काळच्या साधनांनी केलेला आहे, आणि त्याच्या अनुमानाचा मुख्य भार वाय गुणसूत्रावर, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या एकाच धाग्यावर आहे. येथे थोडे गणित करावे लागते. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांची संख्या १,०२४ होते. वाय गुणसूत्र त्यांतल्या एका पुरुषाविषयी बोलते. तंतुकणिकांतला डीएनए आईकडून येतो. तो एका स्त्रीविषयी बोलतो. उरलेल्या १,०२२ जणांविषयी ही दोन्ही साधने मुकी असतात. तीस पिढ्या मागे, म्हणजे बखरीतल्या बिंबराजाच्या काळात पोचलो, तर हिशेब सुमारे १०७ कोटींवर जातो. तेव्हा साऱ्या जगात तेवढी माणसे नव्हती. याचा अर्थ तेच तेच पूर्वज आपल्या झाडात अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा एकही तुकडा आपल्या शरीरात उरलेला नसतो. पूर्वज असणे आणि त्याचा डीएनए आपल्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलवृत्तान्त पहिलीविषयी बोलतो, प्रयोगशाळा दुसरीविषयी. आणि एकाची साक्ष दुसरीकडून काढायला आपण जातो.

मग दोन टक्क्यांचा ठिपका कसला? नकाशा काढणारी कंपनी आपली लाळ जुन्या हाडांशी ताडून पाहत नाही. ती तिच्याजवळ असलेल्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहते, आणि कोणाशी किती जुळते याचा अंदाज करते. नमुने बदलले की अंदाज बदलतो. आणि एक-दोन टक्के हे पुष्कळदा अंदाजाच्या चुकीतच जमा असतात. गेल्या उन्हाळ्यात तसेच झाले. कंपनीने आपला संच अद्ययावत केला आणि मेहुण्याच्या नकाशातला भूमध्य समुद्रावरचा ठिपका नाहीसा झाला. त्याने तो नकाशा मात्र गटावर टाकला नाही. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "आप्पांना सांगू नका. त्यांना फार आनंद झाला होता."

येथे आमची पंचाईत झाली. खोटे लिहायचे नव्हते आणि आप्पांना दुखवायचेही नव्हते. त्यातून आमच्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीने एक रात्र कुलवृत्तान्ताची जुनी आवृत्ती चाळली आणि विचारले, "यात आई कुठे आहे?" आईचे नाव जुन्या आवृत्तीत असणे शक्यच नव्हते. पण मग तिने आत्याआजी शोधली, पणजीची बहीण शोधली. मुलींची नावे काही ठिकाणी होती, काही ठिकाणी फक्त 'दोन कन्या' एवढेच. लग्न झाले की झाडाची ती फांदी तेथेच संपत होती. आत आलेल्या सुनांची माहेरची नावे होती, पण त्यांच्या मागे कोणीच नव्हते. "म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं गळलीच की," ती म्हणाली. तिने नवीन आवृत्तीचा कच्चा मजकूरही पाहिला होता. त्यात आईच्या नावापुढे पदवी होती, नोकरी होती; आणि 'विवाह' या रकान्यात एक आडवी रेघ. आम्ही ती रेघ आधीच पाहिली होती. एकमेकांशी त्याविषयी बोललो नव्हतो, एवढेच.

त्यानंतर आमचे वाचन बदलले. आम्ही कोठून आलो हे सोडून, कोणाकडून आलो हे वाचू लागलो. मुलुंडच्या पुढचे स्थानक ठाणे; तेथे १८७९ चे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे. त्यांचीही कथा जहाज फुटण्याचीच : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत लागल्या. येथेही चौदाच! ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवली, आणि घरात मराठी बोलली. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात ज्यू वारसा निश्चित दिसला, तेवढाच भारतीयही दिसला. मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. आणि बाहेरचा वाटा पुरुषांकडून अधिक, येथला वाटा स्त्रियांकडून अधिक. म्हणजे दंतकथा खोटी नव्हती, अपुरी होती. तिने समुद्रातून आलेल्या सात स्त्रिया लक्षात ठेवल्या आणि किनाऱ्यावरच्या स्त्रिया विसरून गेली.

पारशांचेही तसेच. संजाणच्या उत्खननात मिळालेल्या जुन्या अस्थींचा आणि आजच्या पारशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इराणशी त्यांचे नाते स्पष्ट आहे. परंतु संजाणच्या त्या अस्थींत मातृवंशाचे ४८ टक्के धागे दक्षिण आशियातले निघाले. दुधात साखर विरघळली, असे ती कथा सांगते. दूध कोणाच्या घरचे होते हे सांगत नाही.

या ठिकाणी आम्हांला आमच्या कुलवृत्तान्ताचे आणि सगळ्याच आगमनकथांचे व्याकरण उलगडल्यासारखे वाटले. त्यांत क्रियापद 'येणे' आणि कर्ता पुरुष. जो आला त्याचे नाव राहते. जी होती तिचे राहत नाही. उत्तर कोकणात प्रतापबिंब येण्यापूर्वी कोणी नव्हते असे बखर सुचवते. पण राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांत त्याच्याही हजारभर वर्षे आधीचे लेख आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके खोदून दिल्याची नोंद तेथे आहे. त्याच लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. शिलाहारांचा ११८७ चा शिलालेख परळला सापडला. त्यात षट्षष्टीचा, म्हणजे आपल्या साष्टीचा उल्लेख आहे. सहासष्ट गावे ज्या बेटाला नाव देतात ते ओसाड कसे असेल? ओसाड हा शब्द नव्याने येणाऱ्याचा असतो.

अंधेरीच्या वर्गात एकदा बोलीभाषांवर चर्चा चालू असताना प्रत्येकाने आपले मूळ गाव सांगितले. कोणी संगमेश्वर, कोणी कराड, कोणी जौनपूर, कोणी भुज. आरे वसाहतीतल्या पाड्यावरून येणारा एक वारली मुलगा गप्प होता. विचारल्यावर म्हणाला, "सर, आमचं मूळ गाव हेच. आम्ही कुठून आलो नाही." वर्ग हसला. त्याला गावच नाही म्हणून हसला, की तेवढे एकच खरे उत्तर होते म्हणून अवघडून हसला, हे आम्ही आजवर ठरवू शकलेलो नाही. शास्त्राच्या हिशेबाने तोही आलेलाच आहे, आफ्रिकेतून, फार फार पूर्वी, आपण सगळेच. पण ज्या शहरात १९६० च्या दशकापासून 'भूमिपुत्र' आणि 'उपरा' हे शब्द राजकारणात चलनी झाले, तेथे प्रत्येक प्रतिष्ठित घराणे आपण बाहेरून आलो हे अभिमानाने सांगते, आणि जो बाहेरून आलो नाही म्हणतो त्याच्यावर वर्ग हसतो, ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देण्याचे धैर्य आम्हांला त्या दिवशी झाले नाही. पुढच्या तासाला झाले.

आणखी एक आकडा आमच्या मनातून जात नाही. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसांतच लग्न करीत राहिलेल्या समाजाच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाल्या. अशा समाजांत काही आनुवंशिक आजार साचत जातात. याचा अर्थ आमच्या मते असा, की जात डीएनएमध्ये दिसते हे खरे. परंतु ती उगमाची खूण म्हणून दिसत नाही, बंद दाराची खूण म्हणून दिसते. आपण कोण होतो हे तो सांगत नाही. आपण कोणाशी लग्न केले नाही हे सांगतो. आडव्या रेघेचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला.

आम्ही प्रकरण लिहिले. परशुरामाची कथा दिली, कथा म्हणून दिली. ती कोणी लिहिली असावी आणि पुढे कोणी कशी वाचली, तेही दिले. चित्पावनी बोली कोकणातल्याच मराठी-कोकणीच्या गोतातली आहे, हे नोंदवले. २००५ चा निबंध सांगितला आणि त्याच्या मर्यादाही सांगितल्या. शेवटी लिहिले, की या कुलाच्या पूर्वजांत कोकणच्या किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या पुष्कळ स्त्री-पुरुषांचा समावेश असला पाहिजे, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि हा कुलवृत्तान्त त्यांचाही आहे. ठिपक्याविषयी काही लिहिले नाही. मेहुण्याला दिलेला शब्द होता.

आप्पांनी ते दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचल्यावर चष्मा काढून म्हणाले, "भाषा चांगली आहे." दुसऱ्यांदा वाचल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "म्हणजे आपण कुठूनच आलो नाही?" आमच्यातला जावई म्हणाला, "आप्पा, आमचे आजोबाही पाटणहून आले होते. तेही आले नसावेत." आप्पा हसले. जावयाबरोबर ते इतके मोकळे हसल्याचे आम्हांला आठवत नाही.

घराण्याच्या मंडळाने ते प्रकरण छापले नाही. जागेअभावी वगळले, असे कळवले. आम्हांला त्याचे वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. १४४८ च्या मालाडच्या सभेतही कोणी तरी केशवाचार्याला 'हे एवढे वगळा' म्हटलेच असेल. मुलींच्या शाखा मात्र परिशिष्टात घ्याव्यात, असा ठराव आप्पांनी मांडला आणि तो थोड्या मतांनी मंजूर झाला. त्या ठरावावर ते कसे बोलले हे आम्हांला नंतर दुसऱ्यांकडून कळले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस उभा राहून म्हणाला, की माझी आई कोणाची मुलगी होती हे मला तिच्या वडिलांपलीकडे सांगता येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

पुस्तक या वर्षी आले. परिशिष्ट बारीक टंकात आहे. त्यात आमच्यातल्या एकीपुढे विवाहाची नोंद आहे, दुसऱ्याचे नाव आहे, केळवे-माहीम हे गाव आहे, खाली आमच्या मुलीचे नाव आहे. आप्पांनी तिला दिलेल्या प्रतीत तिच्या नावाखाली पेन्सिलीने एक छोटी उभी रेघ ओढली आहे, पुढची फांदी लिहायला जागा राहावी म्हणून.

ती प्रत बोरिवलीला आणताना आम्ही नेहमीप्रमाणे दादरला गाडी बदलली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे डोंगराखालून खणायचे काम हाती घेतले गेले आहे. ते झाले की एवढा वळसा पडणार नाही, असे आम्ही मुलीला सांगत होतो. ती पुस्तकात डोके घालून बसली होती. मालाड गेल्यावर तिने मान वर करून विचारले, "बाबा, तुमच्या बाजूचं असं पुस्तक आहे का?" नाही, म्हणालो. आजोबांना पाठ होते, त्यांच्याबरोबर गेले. "मग आजीला विचारून लिहायला घेऊ या," ती म्हणाली. "तिच्या आईपासून सुरुवात करू."

पुढच्या रविवारी केळव्याला जायचे ठरले आहे.